शमी (वृक्ष)

शमी किंवा सौंदड (शास्त्रीय नाव: प्रोसोपिस सिनेरारिया) हा शिंबावंत कुलाच्या शिरीष गटातील मध्यम उंचीचा, काटेरी व दीर्घायुषी वृक्ष आहे. भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण आणि अरबी द्वीपकल्पातील कोरड्या प्रदेशांत तो नैसर्गिकरीत्या वाढतो. थरच्या वाळवंटातील शेतीचा तो आधारवृक्ष मानला जातो. महाराष्ट्रात तो पर्जन्यछायेतील माळरानांवर, शेताच्या बांधांवर आणि गावशिवारातील देवस्थानांजवळ आढळतो. विजयादशमीच्या पूजेमुळे त्याचे नाव घरोघरी परिचित आहे. प्रत्यक्ष वृक्षाची ओळख मात्र पुष्कळांना नसते. शमी समजून दुसऱ्याच झाडाचे रोप लावले जाणे आणि बांधावर आपोआप उगवलेली खरी शमी काटेरी झुडूप म्हणून काढून टाकली जाणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे घडतात. म्हणून शमीच्या लागवडीत ओळख हा पहिला टप्पा ठरतो.

नावे

मराठीत शमी, सौंदड, सवंदड ही नावे रूढ आहेत. संस्कृतात शमीखेरीज सक्तुफला, शिवा, लक्ष्मी, मंगल्या अशी नावे आढळतात. राजस्थानात या झाडाला खेजडी, गुजरातेत खीजडो, पंजाबात जंड, सिंधमध्ये कंडी, कर्नाटकात बन्नी, तेलुगू प्रदेशात जम्मी आणि तमिळनाडूत वन्नी म्हणतात. अरबी भाषेत त्याचे नाव गाफ आहे. शमी हा राजस्थान व तेलंगण या राज्यांचा राज्यवृक्ष आणि संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे.

लिनीयसने या वनस्पतीचे वर्णन लाजाळूच्या प्रजातीत, 'मिमोसा सिनेरारिया' या नावाने केले. जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख 'प्रोसोपिस स्पिसिगेरा' असाही येतो. 'सिनेरारिया' या शब्दाचा अर्थ राखेच्या रंगाचा असा असून तो पानांच्या करड्या छटेला अनुसरून आहे.

वर्णन

शमीचा वृक्ष साधारणपणे ५ ते १० मीटर उंच वाढतो. खोल मातीत व संरक्षण मिळाल्यास तो याहूनही उंच होतो. साल जाड, करडी व उभ्या भेगांची असते. कोवळ्या फांद्यांवर आखूड, सरळ, शंकूसारखे काटे असतात. हे काटे पानांच्या बेचक्यात जोडीने येत नाहीत, तर दोन पेरांमधील भागावर विखुरलेले असतात. शमी ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय.

पाने संयुक्त व दोनदा विभागलेली असतात. मुख्य देठावर उपदेठांच्या बहुधा १ ते ३ जोड्या आणि प्रत्येक उपदेठावर लहान, करड्या-हिरव्या पर्णिकांच्या ७ ते १४ जोड्या असतात. फुले बारीक, पिवळसर असून ५ ते १३ सेंटिमीटर लांबीच्या सडपातळ कणिशांत येतात. फुलोऱ्याचा काळ प्रदेशानुसार हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. एकेक फूल नजरेत भरत नाही; परंतु इतर झाडे निष्पर्ण झालेली असताना संपूर्ण झाड फुलल्यामुळे मधमाश्या व अन्य कीटकांना मोठा आधार मिळतो.

शेंगा बारीक, जवळजवळ दंडगोल व लोंबत्या असून त्यांची लांबी ८ ते २० सेंटिमीटर असते. आतील गर गोडसर व पिठूळ असतो आणि त्यात १० ते १५ कठीण कवचाच्या तपकिरी बिया असतात. 'सक्तुफला' म्हणजे सातूसारखे पीठ देणारे फळ असलेली, हे संस्कृत नाव या गरावरून पडले आहे. पुष्कळ झाडांवर पानांच्या व फुलोऱ्याच्या जागी कठीण, अनियमित गाठी दिसतात. ही फळे नसून सूक्ष्म कोळी व कीटक यांच्यामुळे झालेल्या गाठी असतात.

साधर्म्य असलेली झाडे

वेडी बाभूळ: ही मूळची अमेरिकेतील वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. ती दीर्घकाळ 'प्रोसोपिस जूलिफ्लोरा' या नावाने शमीच्याच प्रजातीत गणली जात असे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात अमेरिकन जाती वेगळ्या काढून तिला 'नेल्ट्यूमा' प्रजातीत ठेवले आहे; शमी मात्र 'प्रोसोपिस'मध्येच राहिली. वेड्या बाभळीचे काटे पेरांशी, बहुधा जोडीने येतात आणि शेंगा चपट्या, जाड व पिवळसर असतात. तिची दाट जाळी खालचे गवत दडपून टाकते, तर शमीच्या विरळ सावलीत पिके व गवत वाढू शकतात.

दुरंगी बाभूळ: 'डायक्रोस्टॅकिस सिनेरिया' हे झुडूप रोपवाटिकांतून पुष्कळदा शमी म्हणून विकले जाते. त्याचे लोंबते कणीस अर्धे गुलाबी-जांभळे व अर्धे पिवळे असते, शेंगा पिळवटलेल्या व झुबक्याने येतात आणि आखूड डहाळीच्या टोकाचाच काटा बनतो. शमीचे कणीस एकरंगी पिवळसर असते.

बाभूळ: हिचे लांब, पांढरे काटे जोडीने येतात आणि फुले पिवळ्या गोंड्यासारखी गोल असतात.

आपटा: दसऱ्याला 'सोने' म्हणून वाटल्या जाणाऱ्या आपट्याचे पान अखंड व टोकाशी दुभंगलेले असते, त्याच्या रूपात व शमीच्या रूपात कोणतेही साम्य नाही. शमी न मिळाल्यास अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची पूजा करावी, असे धर्मशास्त्रविषयक ग्रंथांत सांगितले आहे. या पर्यायामुळेच महाराष्ट्रात दोन्ही झाडांची नावे एकत्र उच्चारली जातात.

दुष्काळात तग धरण्याची कारणे

शमीचे रोप पहिल्या काही वर्षांत जमिनीवर फारसे वाढलेले दिसत नाही. त्या काळात त्याची शक्ती सोटमुळाकडे जाते. पूर्ण वाढलेल्या वृक्षाचे मूळ २० मीटरहून अधिक खोल गेल्याच्या नोंदी आहेत. वरच्या थरातील ओल संपल्यावरही खोलवरच्या ओलाव्याचा उपयोग झाडाला करता येतो. पर्णिका लहान असल्याने बाष्पीभवन मर्यादित राहते. ऐन उन्हाळ्यात, इतर झाडे पाने गाळत असताना, शमीला नवी पालवी असते. माळावरील जनावरांना सावली आणि चारा यांची सर्वाधिक गरज असते तोच हा काळ होय.

मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत स्थिर होते आणि गळलेल्या पानांमुळे सेंद्रिय अंश वाढतो. शमीखालील मातीत नत्र व सेंद्रिय कर्ब मोकळ्या शेतापेक्षा अधिक असल्याचे राजस्थानातील अभ्यासांत आढळले आहे. बाजरी, मूग, मटकी यांसारखी पिके शमीच्या झाडांमध्ये घेण्याची तेथील पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने या पद्धतीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

परंडा व धाराशिव परिसर

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सीना नदीच्या खोऱ्यात परंडा तालुका वसलेला आहे. भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले परंडा अहमदनगरच्या पाडावानंतर १६०० च्या सुमारास काही काळ निजामशाहीची राजधानी होते. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेभरवशाचा असून जुलै-ऑगस्टमध्ये दीर्घ उघडीप आणि सप्टेंबरमध्ये जोरदार सरी हा अनुभव नेहमीचा आहे. नदीकाठी खोल काळी जमीन, तर इतरत्र मुरमाड, उथळ व चुनखडीयुक्त जमीन आढळते.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मरणात कायम आहे. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांतही मराठवाड्यात तीव्र टंचाई जाणवली आणि जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वर्षी गवत व कडबा संपतो, परंतु खोल मुळांच्या झाडांचा पाला टिकून राहतो. शमीच्या पाल्यात प्रथिनांचे प्रमाण साधारण १२ ते १८ टक्के असते. त्यात टॅनिन असल्यामुळे केवळ त्यावर जनावर पोसता येत नाही. कडब्यासारख्या कोरड्या चाऱ्यात मिसळून तो द्यावा लागतो. शेळ्या मात्र तो आवडीने खातात. बांधावरील पाच-सहा जुन्या शमींमुळे दुष्काळ टळत नाही. मात्र शेळ्या-मेंढ्या विकून टाकण्याची वेळ काही आठवडे पुढे ढकलता येते.

लागवड

बी गोळा करणे: शेंगा पिकून तपकिरी झाल्या की उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या तोंडावर त्या झाडावरूनच काढाव्यात. जमिनीवर पडलेल्या शेंगांतील बियांना भुंगेरे लवकर लागतात. ज्या झाडाचे बी घ्यायचे त्याचे काटे, कणीस व शेंगा पाहून जातीची खात्री करून घ्यावी. शेंगा वाळवून, हलक्या हाताने कुटून बी वेगळे करतात. कोरड्या, बंद डब्यात ते दीर्घकाळ टिकते.

बीजप्रक्रिया: बियांचे कवच कठीण असल्याने प्रक्रिया न केल्यास उगवण अनियमित होते. पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, त्यात बी टाकावे आणि पाणी निवल्यानंतर एक दिवस-रात्र तसेच भिजत ठेवावे. फुगलेले बी पेरणीस घ्यावे. न फुगलेल्या बियांवर पुन्हा हीच प्रक्रिया करावी. बी पाण्यात घालून उकळू नये. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बीही चांगले रुजते, म्हणून जुन्या मेंढवाड्यांच्या जागी शमीची रोपे आढळतात.

रोपे तयार करणे: शमीचे सोटमूळ झपाट्याने खाली जात असल्यामुळे रुंद कुंडीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर खोल पिशवी उपयुक्त असते. माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन पिशवी भरावी आणि बी एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण एक ते दोन आठवड्यांत होते. पिशव्या अधूनमधून उचलून दुसरीकडे ठेवाव्यात, अन्यथा मुळे तळातून जमिनीत शिरतात आणि लावणीच्या वेळी तुटतात. मूळ पिशवीत वेटोळे घेऊ लागले असल्यास ते रोप पुढे वाढत नाही. त्यामुळे उंच व जुन्या रोपापेक्षा लहान, सरळ मुळाचे रोप अधिक खात्रीचे ठरते.

जागा: मुरमाड, वालुकामय, चुनखडीयुक्त किंवा काहीशी खारवट जमीन शमीला चालते. पाणी साचणारी जागा तिला मानवत नाही. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, म्हणून तेथे बांधाच्या माथ्यावर किंवा उंचवट्यावर रोप लावावे. पूर्ण ऊन आवश्यक असते. घराच्या भिंतीला, विहिरीच्या बांधकामाला किंवा विजेच्या तारांखाली हे झाड लावू नये.

लावणी: उन्हाळ्यात ४५ ते ६० सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे घेऊन तापू द्यावेत. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई न करता दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर लावणी करावी. शेतात पिके घ्यायची असल्यास दोन झाडांत सुमारे १० मीटर, बांधावर ५ ते ६ मीटर अंतर ठेवतात. रोपाभोवती पाणी जिरविणारे अर्धचंद्राकृती आळे करून त्यावर पालापाचोळ्याचे किंवा दगडांचे आच्छादन द्यावे.

थेट पेरणी: प्रक्रिया केलेले तीन-चार बी एका जागी टोकून त्यांतील जोमदार रोप राखणे ही सर्वांत कमी खर्चाची पद्धत आहे. मूळ तुटत नसल्याने अशी झाडे कोरड्या वर्षी चांगली तगतात.

आपोआप उगवलेली रोपे: बांधावर आधीच रुजलेले रोप हे लावलेल्या रोपापेक्षा अनेक वर्षांनी पुढे असते, कारण त्याचे मूळ खोल गेलेले असते. बांध साफ करताना असे रोप ओळखून त्याला खूण करणे, त्याभोवती काट्यांचे कुडण करणे आणि त्याचा एकच सरळ फुटवा राखणे एवढ्याने नवे झाड तयार होते. मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांचेही असेच संगोपन करता येते. असे रोप उपटून दुसरीकडे लावण्याचा प्रयत्न बहुधा अयशस्वी होतो.

निगा

पाणी: पहिली दोन वर्षे पावसाची उघडीप, हिवाळा व उन्हाळा यांत पाणी द्यावे लागते. हिवाळ्यात सुमारे तीन आठवड्यांनी व उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी दहा-पंधरा लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात आणि पाणी बंद होताच झाड माना टाकते. तिसऱ्या वर्षापासून पाणी क्रमाने कमी करावे.

संरक्षण: शेळ्यांच्या तोंडाला लागलेले रोप खुरटे झुडूप होऊन राहते. पहिली चार-पाच वर्षे कुडण आवश्यक असते. पहिल्या वर्षी मेलेल्या रोपांच्या नांग्या दुसऱ्या पावसाळ्यात भराव्यात. आळ्यातील तण काढावे. रासायनिक खतांची गरज नसते.

छाटणी: सुरुवातीस फक्त खालच्या आडव्या फांद्या काढून एक खोड राखावे. पाल्यासाठी फांद्या तोडणे झाड साधारण दहा वर्षांचे झाल्यावर, हिवाळ्यात सुरू करावे. शेंड्याकडील किमान एक तृतीयांश पर्णसंभार कायम ठेवावा. दरवर्षी संपूर्ण झाड बोडके केल्यास फुले-शेंगा येत नाहीत आणि वृक्ष क्षीण होतो.

रोग व कीड: राजस्थानात जुनी खेजडीची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळल्याचे आढळले. मुळे व खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, 'गॅनोडर्मा' कवकामुळे होणारी मूळकूज, अतिरेकी फांदीतोड, ट्रॅक्टरच्या नांगरटीने मुळांना होणाऱ्या जखमा आणि खालावलेली भूजलपातळी ही त्याची कारणे सांगितली जातात. म्हणून खोडाभोवती काही अंतर खोल नांगरट टाळावी. पानांवरील गाठी कुरूप दिसल्या तरी सहसा झाडाला घातक नसतात. गाठींच्या डहाळ्या काढून टाकणे पुरेसे असते.

कुंडीतील शमी: शहरांत पूजेसाठी शमी कुंडीत लावली जाते. खोल कुंडी, निचऱ्याची माती, पूर्ण ऊन व दोन पाण्यांमध्ये माती कोरडी होऊ देणे या गोष्टी सांभाळल्यास ती काही वर्षे चांगली राहते. सोटमुळाला वाव नसल्याने कुंडीतील झाड दुष्काळसहिष्णू राहत नाही. त्याला नियमित पाणी द्यावेच लागते.

उपयोग

कोवळ्या शेंगांना राजस्थानात सांगरी म्हणतात. त्यांची भाजी करतात व त्या वाळवून वर्षभर साठवतात. बिकानेर येथील केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने भाजीच्या शेंगांसाठी 'थार शोभा' हा वाण विकसित केला असून त्याची डोळे भरून कलमे करतात. लाकूड कठीण असते. ते शेतीची अवजारे व जळण यांसाठी वापरतात. १८६८-६९ च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी शमीची साल दळून खाल्ल्याची नोंद आहे.

सांस्कृतिक महत्त्व

अज्ञातवासात जाताना पांडवांनी विराटनगराबाहेरील शमीवृक्षावर शस्त्रे लपवून ठेवली, अशी कथा महाभारताच्या विराटपर्वात आहे. विजयादशमीचे शमीपूजन या कथेशी जोडले जाते. गावाची सीमा ओलांडून शमीची पूजा करण्याच्या विधीला सीमोल्लंघन, बोलीत शिलंगण म्हणतात. शमीवर वाढलेल्या पिंपळाच्या लाकडाची अरणी करून यज्ञाचा अग्नी निर्माण करावा, असे वैदिक वाङ्मयात सांगितले आहे. गणेशपूजेतील पत्रींत शमीपत्राचा समावेश होतो. शमी हा धनिष्ठा नक्षत्राचा आराध्यवृक्ष मानला जातो.

जोधपूरजवळील खेजडली गावात १७३० मध्ये राज्याच्या बांधकामासाठी खेजडीची झाडे तोडली जात असताना अमृतादेवी व त्यांच्याबरोबर बिश्नोई समाजातील एकूण ३६३ जणांनी झाडांना मिठी मारून प्राणार्पण केले, असे परंपरा सांगते.

संवर्धनातील प्रश्न

महाराष्ट्रात शमीपुढील अडचणी वाळवंटातील अडचणींपेक्षा वेगळ्या आहेत. यंत्राने बांध सपाट करणे, पाणी आलेल्या भागात उसासाठी शेत मोकळे करणे, वेड्या बाभळीबरोबर सरसकट तोड होणे आणि दसऱ्याला एकाच झाडाच्या फांद्या ओरबाडणे ही त्यांतील प्रमुख होत. पूजेसाठी झाडाजवळ जाणे किंवा एखादी पर्णिका घेणे पुरेसे आहे. फांदी तोडण्याची आवश्यकता नाही.

लागवडीची जागा निवडतानाही विवेक हवा. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक अभयारण्य किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य यांच्यासारखी गवताळ माळराने ही पडीक जमीन नसून स्वतंत्र परिसंस्था आहेत. तेथे दाट वृक्षलागवड केल्यास गवतावर अवलंबून असलेल्या पक्षी-प्राण्यांचे नुकसान होते. शमीची योग्य जागा म्हणजे शेताचा बांध, गावठाणाची कड, देवस्थानाचे आवार, शाळेचे मैदान व रस्त्याची बाजू. परंड्यासारख्या तालुक्यात खरी शमी वाढविण्याचा सर्वांत सोपा मार्ग हा की, शिवारातील जुनी झाडे ओळखून त्यांचे बी घ्यावे आणि बांधावर उगवलेले प्रत्येक रोप तोडण्यापूर्वी त्याचे काटे कोठे आहेत ते पाहावे.